डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर व हेलेनबाई

डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांचे नाव आमच्या मंडळ्यांतील बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. झुपकेदार मिशांचा, डोक्यावर पांढरी टोपी घातलेला, आफ्रिकेच्या अरण्यात रोग्यांची सेवा करणारा डॉक्टर, असे त्यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. मात्र त्या चित्रात त्यांच्या शेजारी जी बाई असावयास हवी, ती सहसा दिसत नाही. चरित्रकथा सांगताना आम्ही उपदेशक मंडळी एका वाक्यात तिला उरकतो: डॉक्टर आपल्या पत्नीसह आफ्रिकेस गेले. झाले! त्या ‘पत्नीसह’ या शब्दाच्या पोटात काय काय होते, हे सांगावे म्हणून आज लेखणी उचलली आहे.

त्यास कारणही आहे. नर्सिंग शिकलेल्या मुली व सुना आपल्या पुष्कळ घरांतून आहेत. आखाती देशांतून किंवा इंग्लंडातून नेमणुकीचे पत्र आले म्हणजे त्या घरात चार रात्री कोणी धड झोपत नाही. दोघांनी जावे की एकाने, लहान मूल कोणापाशी ठेवावे, तिकडची हवा सोसेल काय, या गोष्टींचा खल होतो आणि मग पाळकसाहेबांना प्रार्थनेला बोलावणे जाते. श्वाइत्झर दांपत्यापुढे हाच प्रश्न होता. फरक इतकाच की त्यांच्या नेमणुकीला पगार नव्हता.

अल्बर्ट यांचा जन्म 14 जानेवारी 1875 रोजी आल्सेस प्रांतातील कायझर्सबेर्ग येथे झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता; आज तो फ्रान्समध्ये आहे. वडील लुथरन पाळक. बालपण गुन्सबाख या खेड्यात गेले. पुढे स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ते ईश्वरविद्याशास्त्राचे अध्यापक झाले, सेंट निकोलस मंडळीत उपदेशक झाले आणि ऑर्गनवादक म्हणून तर युरोपभर नावाजले गेले. 1896 साली, पेंटेकॉस्टच्या सुटीत घरी आले असता, त्यांनी मनाशी ठरविले की तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व संगीत यांत राहावे आणि त्यानंतर आपल्या हातांनी माणसांची सेवा करावी. सेवा कोणती, ते तेव्हा ठाऊक नव्हते. 1904 च्या शरद ऋतूत पॅरिस मिशनचे मासिक त्यांच्या टेबलावर आले. गॅबनमधील कामासाठी माणसे मिळत नाहीत असा त्यात लेख होता. तो वाचून शोध संपला. श्रीमंत मनुष्य व त्याच्या दाराशी पडलेला लाजर हा दाखला त्यांच्या मनात फार दिवस घोळत होता. युरोप म्हणजे तो श्रीमंत आणि आफ्रिका म्हणजे लाजर, असा त्यांनी त्याचा अर्थ लाविला. (मासिके कोणी वाचत नाही असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाची नोंद घ्यावी!)

आता हेलेनबाईंकडे वळू. हेलेन ब्रेस्लाऊ यांचा जन्म 25 जानेवारी 1879 रोजी बर्लिन येथे झाला. वडील हॅरी ब्रेस्लाऊ हे नामांकित इतिहासकार. घराणे यहुदी, पण मुलांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला होता. वडिलांना स्ट्रासबुर्ग विद्यापीठात जागा मिळाल्यावर कुटुंब तेथे आले. 1898 साली एका लग्नाच्या मेजवानीत हेलेन व अल्बर्ट यांची ओळख झाली आणि 1902 पासून तिचे रूपांतर गाढ स्नेहात झाले. दोघांमध्ये शेकडो पत्रे गेली-आली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अल्बर्ट यांना भेटल्यानंतर हेलेनबाईंना सेवेची बुद्धी झाली असे नव्हे. 1905 साली स्ट्रासबुर्ग शहराने त्यांना अनाथ मुलांच्या देखरेखीसाठी निरीक्षक नेमले. तशा जागेवर स्त्री नेमण्याची त्या काळी रीत नव्हती. मुले ज्या घरांत ठेवलेली असत, तेथे त्या स्वतः जाऊन पाहात. अविवाहित मातांसाठी एक निवारा उभारण्यातही त्यांचा हात होता. म्हणजे अल्बर्ट मनाशी जे ठरवीत होते, त्यातले बरेच ही तरुणी प्रत्यक्ष करीत होती.

13 ऑक्टोबर 1905 रोजी अल्बर्ट यांनी पॅरिसमधील एका टपालपेटीत काही पत्रे टाकली. आईवडील व जवळचे स्नेही यांना त्यांत कळविले होते की आपण आता वैद्यकीचे शिक्षण घेऊन आफ्रिकेत डॉक्टर म्हणून जाणार. मोठी खळबळ उडाली. नातलग रागावले. त्यांचे संगीतगुरू विदोर यांना तर हे सेनापतीने बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत उभे राहण्यासारखे वाटले. इतरांना ही बातमी अशी अवचित कळली. हेलेनबाईंना मात्र ती आधीच ठाऊक होती. त्यांच्याशी बोलून झालेले होते.

पुढची सात वर्षे हा निर्णय दोघांनी शिजत ठेविला. अल्बर्ट तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाले. दिवसा शरीरशास्त्र, रविवारी उपदेश, मधूनमधून पॅरिसला ऑर्गनवादन. 1911 मध्ये शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी म्यूनिकच्या संगीत महोत्सवात वाजवून मिळालेल्या पैशांतून भरली. हेलेनबाईंनी 1909 साली आपली चांगली नोकरी सोडली, फ्रांकफुर्टला जाऊन परिचारिकेचे शिक्षण पुरे केले आणि 1910 मध्ये परीक्षा दिली. डॉक्टराची बायको म्हणून आपोआप दवाखान्यात उभे राहावयाचे, हे त्यांना मान्य नव्हते. शिवाय अल्बर्ट यांची हस्तलिखिते वाचून मुद्रिते तपासण्याचे काम त्यांच्याकडेच असे. आपल्यामागे एखाद्या स्त्रीला त्या हवेत ओढून न्यावे काय, ही शंका अल्बर्ट यांना पुष्कळ दिवस छळत होती. पण हेलेनबाईंना कोणी ओढून नेत नव्हते. 18 जून 1912 रोजी त्यांचे लग्न झाले.

मिशनची परवानगी मिळणे सोपे गेले नाही. प्रभु येशूच्या चरित्राविषयी अल्बर्ट यांनी जे ग्रंथ लिहिले होते, त्यांमुळे पॅरिसच्या कमिटीतील काहींना त्यांची मते शुद्ध वाटत नव्हती. कमिटीपुढे मतांची परीक्षा देण्यास त्यांनी नकार दिला. मात्र प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन ते भेटले. आपण केवळ डॉक्टर म्हणून काम करू, उपदेश करणार नाही आणि मिशनवर खर्चाचा भार टाकणार नाही, असे वचन दिल्यावर त्यांना घेण्यात आले. तरीही एका सभासदाने राजीनामा दिलाच. आमच्या मते कमिटीच्या शंका अगदीच पोकळ नव्हत्या. पण लाजर दाराशी पडलेला असताना औषध कोणाच्या हातचे, याची चौकशी लांबवू नये. पुढे लांबारेनेच्या मिशनऱ्यांनी स्वतःच त्यांना उपदेशास उभे केले, ही गोष्ट वेगळी.

पैसा त्यांनी घरोघर जाऊन, ऑर्गनच्या जलशांतून व पुस्तकांतून जमविला. सत्तर पेट्या सामान बांधले गेले. ते बांधण्यात व याद्या करण्यात हेलेनबाईंचे कित्येक आठवडे गेले. युद्धाची हवा दिसत होती म्हणून अल्बर्ट यांनी दोन हजार मार्क सोन्याच्या नाण्यांत बरोबर घेतले. 21 मार्च 1913 रोजी, उत्तम शुक्रवारी, गुन्सबाखच्या स्टेशनवरून दोघे निघाले आणि 16 एप्रिलला ओगोवे नदीवरील लांबारेने येथे पोहोचले.

तेथे पाहतात तो इस्पितळासाठी कबूल केलेली इमारत उभीच नव्हती. रोगी तर पहिल्या दिवसापासून येऊ लागले. तेव्हा कोंबड्यांचे जुने खुराडे झाडून, चुना लावून त्याचाच दवाखाना केला. जोसेफ नावाचा एक स्थानिक गृहस्थ दुभाष्या मिळाला. तो पूर्वी आचारी असल्यामुळे रोग्याचे कोठे दुखते हे मांसाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगत असे! पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी पाहिले गेले. हिवताप, महारोग, निद्रारोग, चिघळलेली क्षते आणि अडकलेले अंतर्गळ. अंतर्गळ अडकलेला माणूस शस्त्रक्रियेवाचून तडफडून मरत असे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम हेलेनबाईंचे. हत्यारे उकळणे, पट्ट्या, कपडे, अत्यवस्थ रोग्यांची शुश्रूषा, आणि वर घर चालविणे, हे सर्व त्यांच्याकडे होते.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध पेटले. मुलूख फ्रेंचांचा, हे दोघे जर्मन प्रजाजन. त्यांना स्वतःच्या घरात कैदेत ठेवण्यात आले. काही महिन्यांनी रोगी पाहण्याची मोकळीक मिळाली. पण हेलेनबाईंची प्रकृती ढासळत चालली. 1915 साली त्यांच्या प्रकृतीसाठी दोघे समुद्रकाठी जाऊन राहिले होते. तेथून एका आजारी मिशनरी बाईस पाहावयास अल्बर्ट होडीने नदीतून वर निघाले आणि त्या प्रवासात त्यांना जीवनाविषयीचा आदर हे सूत्र सुचले, ज्यामुळे ते पुढे जगभर ओळखले गेले.

1917 साली दोघांना युद्धकैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. बोर्दोच्या बराकीत अल्बर्ट यांना आमांश जडला. मग पिरेनीज डोंगरातील गारेझों, मग सेंट रेमी. 1918 च्या उन्हाळ्यात कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले, तेव्हा हेलेनबाई गरोदर होत्या. 14 जानेवारी 1919 रोजी, बापाच्याच वाढदिवशी, त्यांची एकुलती एक मुलगी रेना जन्मली. घरी आले ते डोक्यावर कर्ज घेऊनच. 1920 मध्ये स्वीडनचे आर्चबिशप सोडरब्लोम यांनी व्याख्यानांसाठी बोलाविले, त्यांच्या सल्ल्यावरून अल्बर्ट यांनी तेथे ऑर्गनचे जलसे केले आणि कर्ज फिटू लागले. पुन्हा लांबारेनेचा विचार सुरू झाला.

या वेळी मात्र प्रश्न पहिल्यासारखा नव्हता. हेलेनबाईंना क्षयाने गाठले होते. त्या हवेत त्यांनी राहणे शक्य नव्हते. मूल पाच वर्षांचे. 1913 साली दोघांनी जावे असे ठरले होते; 1924 साली एकाने जावे व एकाने राहावे असे ठरवावे लागले. हेलेनबाईंनी संमती दिली. त्या संमतीसाठी आपण पत्नीचे सदैव ऋणी आहोत, असे अल्बर्ट यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. फेब्रुवारी 1924 मध्ये ते ऑक्सफर्डच्या एका तरुण विद्यार्थ्याला मदतीस घेऊन निघाले. ब्लॅक फॉरेस्टमधील क्योनिग्सफेल्ड येथे बांधलेल्या घरात आई व मुलगी राहिल्या. अल्बर्ट यांचा बेत दोनएक वर्षांचा होता, लागली साडेतीन. जुने इस्पितळ रानाने गिळले होते, दुष्काळ व आमांशाची साथ आली, आणि 1927 साली नदीच्या वरच्या अंगाला नवे इस्पितळ वसवावे लागले.

आम्हांस या ठिकाणी थांबावेसे वाटते. जाणाऱ्याला स्टेशनवर निरोप मिळतो, मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना होते, त्याची पत्रे छापली जातात. राहणारीने ज्या कामासाठी नोकरी सोडली, परीक्षा दिली, ज्या कामात आपले आरोग्य गमावले, ते काम आता इतर परिचारिका तिच्या नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहून करीत होत्या. हेलेनबाईंना हे फार जड गेले, आणि ते गेले असे म्हणण्यात त्यांचा काही अपमान नाही.

त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1929 च्या अखेरीस त्या लांबारेनेस गेल्या. प्रकृतीने दगा दिल्यामुळे काही महिन्यांतच परतल्या. 1933 साली हिटलरचे राज्य आले. जन्माने यहुदी असल्यामुळे जर्मनीत राहणे धोक्याचे झाले, म्हणून मुलीला घेऊन त्या स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे गेल्या. पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी व्याख्याने दिली व इस्पितळासाठी साह्य मिळविले. मग 1941 साली, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली असताना, ही बासष्ट वर्षांची आजारी बाई पोर्तुगालहून बोटीने अंगोलामार्गे ऑगस्टमध्ये लांबारेनेच्या धक्क्यावर उतरली, आणि युद्ध संपून गेल्यावर 1946 पर्यंत तेथे राहिली. पूर्वी नवऱ्याबरोबर गेलेली बाई या वेळी एकटी, आपल्या पायांनी तेथे पोहोचली, असे आम्ही समजतो.

अल्बर्ट यांना 1952 सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्या पैशांतून महारोग्यांची वसाहत बांधली गेली. त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती दडविण्याचे कारण नाही. आफ्रिकी माणसाला ते धाकटा भाऊ समजत, आणि धाकट्या भावाला घराचा कारभार हाती देण्यास ते फार सावकाश होते. गॅबन 1960 मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा पुष्कळ आफ्रिकी लोकांना ही वडीलकी खुपली. ती खुपणे योग्यच होते.

मे 1957 मध्ये हेलेनबाईंनी लांबारेने शेवटची सोडली आणि 1 जून रोजी झुरिक येथे त्या मरण पावल्या. त्यांची रक्षा लांबारेनेस आणून घराजवळ पुरण्यात आली. 4 सप्टेंबर 1965 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, अल्बर्ट निवर्तले. त्यांनाही तेथेच ठेविले.

राहिली रेना. जिचे बालपण बापावाचून गेले, त्या मुलीने स्वतःची मुले मोठी झाल्यावर प्रयोगशाळेचे काम शिकून घेतले, ती लांबारेनेस गेली, आणि बापाच्या मृत्यूनंतर 1970 पर्यंत ते इस्पितळ तिनेच चालविले.