टिळकांचे बुडालेले वर्ष आणि नातवाचे वल्हे

दिवाळीच्या सुट्टीत नातू इंदापूरला आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. त्याने ते आधी लपवले. पण जेवताना भाकरी मोडता येईना, तेव्हा सूनबाईच्या ध्यानात आले. मग सगळेच बाहेर पडले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन उणेपुरे चार महिने झालेले, आणि हा पठ्ठ्या रोज पहाटे तिथल्या बोट क्लबात वल्हवायला जात होता.

आमच्या घराचे आणि पाण्याचे फारसे बरे नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यात आमचे जुने घर गेले, रान गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि ते पाहायला लांबून माणसे येतात. आम्ही जात नाही. त्यातून पोराचे पहिले वर्ष. नानांनी, म्हणजे मी, त्याला चार शब्द सुनवावेत अशी सूनबाईची अपेक्षा होती. बारामतीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार?

मला मात्र त्या फोडांकडे पाहून आठवले ते लोकमान्य टिळक. शाळेत दर १ ऑगस्टला आम्ही मास्तर मंडळी शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगत आलो. त्यांच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात नापास होणे येते म्हणून असेल.

टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. दहाव्या वर्षी आई गेली. १८७२ च्या ऑगस्टमध्ये वडील, गंगाधरपंत गेले. त्याआधी वर्षभर लग्न झालेले. त्याच वर्षाअखेर मॅट्रिक होऊन १८७३ साली हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा डेक्कन कॉलेजात दाखल झाला. सांभाळायला काका-काकू. अशा घरात मुलाचे एक वर्ष म्हणजे काय असते, हे आम्हा शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रकृती तोळामासा. पचन बिघडलेले, अंगावर मांस नाही. पत्नी त्यांच्यापेक्षा धडधाकट, म्हणून सोबती चेष्टा करीत. मग टिळकांनी मनाशी ठरवले, की यंदा अभ्यास बाजूला आणि शरीर आधी. सकाळी तालीम, कुस्ती. नदीवर पोहणे आणि नाव वल्हवणे. वर भरपूर दूध. वर्गात हजेरी जेमतेम. पहिल्या वर्षाची परीक्षा हातची गेली ती गेलीच. पण वर्षअखेरीस जो मुलगा उभा राहिला तो निराळाच होता.

कॉलेज येरवड्याच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठी. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने तिथे पाणी अडून संथ राहते, नवशिक्याला बरे. योगायोग असा, की ज्या १८७३ साली टिळक कॉलेजात आले त्याच साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत सरकत्या बैठकीच्या बोटी प्रथम उतरल्या. नातू शिकतो आहे तो याच बैठकीवर. त्याचे ऐकून मला कळले, की वल्हवणे हे हाताचे काम नव्हेच. जोर पायाचा आणि पाठीचा. नवखा हातानेच ओढतो, म्हणून फोड येतात. वल्हे जरा खोल गेले की पाणी ते धरून ठेवते आणि त्याची मूठ पोटावर आदळते. वल्हवणारा पाठमोरा बसतो. पुढचे दिसते ते फक्त सुकाणूवाल्याला. आठ जणांत एकाचा ताल चुकला की सगळी बोट डुगडुगते. हा क्लब १९२८ चा, म्हणजे टिळकांच्या मागून आलेला. पण संगमाजवळ, त्याच पाण्यावर, थोडा वरच्या अंगाला.

टिळक पुढे पहिल्या वर्गात बी. ए. झाले, १८७९ साली एलएल. बी. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, पाठोपाठ केसरी. हा सगळा इतिहास वाचकांना पाठ आहे. मी पाहतो ते तुरुंगांकडे. १८९७ साली राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वजन झपाट्याने उतरले. मुंबईहून त्यांना येरवड्याला आणले आणि १८९८ च्या सप्टेंबरात तिथूनच सोडले. ज्या नदीवर पंचविशीपूर्वी दंड कमावले, तिच्याच काठचा तुरुंग!

मग १९०८. वय बावन्न, मधुमेह, आणि मंडालेची सहा वर्षे. लाकडी कोठडी, ब्रह्मदेशचा उन्हाळा. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले, तेही चार-पाच महिन्यांत. १९१२ साली तिकडेच सत्यभामाबाई गेल्याची बातमी आली. अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर परत आले आणि दोन वर्षांत होमरूलसाठी गावोगाव भाषणे करीत फिरू लागले. मनोनिग्रह होताच, पण मन राहायला शरीर लागते. त्या एका बुडालेल्या वर्षाचे व्याज ते १९२० पर्यंत खात होते, असा माझा मास्तरी हिशेब आहे.

हे सगळे मी जेवणानंतर ओसरीवर सांगितले. नातू खूश. सूनबाई मात्र खऱ्या हुशार. टिळक नापास झाले होते, हा मुद्दा त्यांनी अचूक उचलला आणि मुलाकडे असे पाहिले, की तो पुन्हा भाकरीकडे वळला. गणिताच्या मास्तरालाही उत्तर सुचेना. टिळकांनी नंतरचे काम चोख करून दाखवले, पण ते नंतर कळते. १८७३ साली त्यांच्या काकांना काय ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी मी आणि नातू पळसदेवला गेलो. मी कित्येक वर्षांनी. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी तुडुंब. देऊळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दूर मासेमाऱ्यांच्या होड्या. त्याने विचारले, हे पाणी कुठून येते? मुळा-मुठा भीमेला रांजणगाव सांडसजवळ मिळते आणि दौंडवरून इकडे येते, एवढे मी सांगितले. म्हणजे तो पहाटे ज्यात वल्हे मारतो तेच. त्याने हात बुडवले आणि फोडांना पाणी झोंबल्यामुळे लगेच काढले.

घरी आलो तेव्हा सूनबाईने वाटीत खोबरेल कोमट करून ठेवले होते. सहामाहीचे गुण आधी कळवायचे, मग नदी, एवढी अट घातली. शिवाय पोहणे पक्के येते का, हे क्लबातल्या थोरल्या मुलाने फोनवर स्वतः सांगायचे. तो फोन अजून यायचा आहे.