युद्धनौका बांधणारा शाकाहारी मालक, ज्याला गांधीजींनीही विरोध केला होता

वेस्ट हॅम युनायटेड या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर दोन हातोडे आहेत. हे हातोडे जहाजाला रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे. आणि या क्लबमागचा माणूस होता एका जहाज कारखान्याचा मालक, अर्नोल्ड हिल्स.

श्रीमंताचा मुलगा, कामगारांच्या वस्तीत

हिल्स यांचा जन्म १८५७ चा. हॅरो आणि ऑक्सफर्डला शिकले, १८७९ मध्ये इंग्लंडकडून फुटबॉलही खेळले. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते पूर्व लंडनमधल्या थेम्स आयर्नवर्क्सच्या संचालक मंडळावर आले. ब्रिटनची पहिली लोखंडी चिलखती युद्धनौका 'वॉरियर' १८६० मध्ये इथूनच पाण्यात उतरली होती. हिल्स बंगल्यात न राहता काही वर्षं कारखान्याजवळच्या कॅनिंग टाउनमध्ये राहिले.

तरीही कारखान्यात संप झाले. त्यानंतर हिल्स यांनी कामगारांना नफ्यात वाटा दिला आणि आठ तासांचा दिवस लागू केला. १८९५ मध्ये कामगारांचा फुटबॉल संघही काढला. १९०० मध्ये त्याचाच वेस्ट हॅम युनायटेड झाला.

गांधीजींशी मतभेद

हिल्स कट्टर शाकाहारी होते आणि लंडन व्हेजिटेरियन सोसायटीचे अध्यक्ष. संस्था बरीचशी त्यांच्याच पैशावर चालायची. तेव्हा लंडनमध्ये कायदा शिकणारे तरुण गांधी तिच्या कार्यकारिणीत होते. डॉ. ॲलिन्सन संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून हिल्स यांना ते संस्थेत नको होते. संततिनियमनाबद्दल गांधींचं मत हिल्स यांच्यासारखंच होतं. पण शाकाहाराच्या संस्थेतून कुणाला या कारणासाठी काढणं त्यांना पटलं नाही. लाजाळू गांधींनी आपलं म्हणणं लिहून आणलं, ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. ॲलिन्सन यांची बाजू मात्र हरली.

आनंदाच्या दिवशी आक्रोश

२१ जून १८९८. 'अल्बियन' ही युद्धनौका पाण्यात उतरवताना उसळलेल्या लाटेने बघ्यांनी भरलेला तात्पुरता पूल कोसळला. ३८ जणांचा जीव गेला. हिल्स मृतांच्या घरोघरी गेले, अंत्यसंस्काराचा खर्चही त्यांनी उचलला.

शेवटचं जहाज

लंडनमध्ये खर्च जास्त, कोळसा आणि लोखंड लांबून आणावं लागायचं. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या कारखान्यांना ते जवळ मिळायचं. १९११ मध्ये 'थंडरर' पाण्यात उतरली तेव्हा संधिवाताने हिल्स यांना चालताही येत नव्हतं. नव्या ऑर्डरसाठी ते सरकारशी भांडत राहिले, पण काम मिळालं नाही. १९१२ मध्ये कारखान्याला टाळं लागलं आणि कामगारांचा रोजगार गेला.

१९२७ मध्ये हिल्स गेले. मांसाला हात न लावणाऱ्या या माणसाने आयुष्यभर लढाईची जहाजं बांधली, कारण हजारो घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या. त्या चुली त्यांना वाचवता आल्या नाहीत. उरले ते जर्सीवरचे दोन हातोडे.