कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि मित्रपक्षांचा प्रश्न

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. शिक्षण बेताचेच. पण २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्याचे चिटणीस तेच होते. खेडोपाडी फिरून माणसे आणि शिधा गोळा करणे, तुरुंगात गेलेल्यांची घरे सांभाळणे, हे काम त्यांनी पाच वर्षे केले. मंदिराचे दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि नाशिकचा लढा संपला. १९३७ साली भाऊराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात गेले.

त्यांची खरी कसोटी १९५६ नंतर लागली. धम्मदीक्षेने आपल्याला माणूसपण दिले. पण कायद्याने एक कोंडीही उभी केली. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या आदेशाने हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यांत शीख आले, बौद्ध आले नाहीत. म्हणजे बौद्ध म्हणून अभिमानाने उभे राहायचे तर राखीव जागा नाही आणि सर्वसाधारण जागेवर आपली एकट्याची मते पुरत नाहीत. दुसऱ्यांची मते मिळवणे किती कठीण, हे १९५२ साली दिसले होते. समाजवादी पक्षाशी युती असूनही बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. व्यासपीठावर हात मिळाले, तरी मतपेटीत ते मिळतीलच असे नाही.

तरीही बाबासाहेबांच्या हयातीतच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले. तिथे कम्युनिस्ट होते, शेकाप होता, प्रजासमाजवादी होते आणि जनसंघही होता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी एका मागणीसाठी एकत्र आली होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर तीन-चार महिन्यांतच १९५७ ची निवडणूक झाली. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. केवळ आपल्या वस्त्यांच्या मतांवर ही जागा निघाली नसती. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला.

इथून भांडण सुरू झाले. आपल्याला ते अजून नीट उमगलेले नाही. दादासाहेबांना भूमिहीनांचा प्रश्न हाती घ्यायचा होता आणि त्यासाठी डाव्यांची सोबत त्यांना वर्ज्य नव्हती. बी. सी. कांबळे व त्यांचे सहकारी याला विरोध करीत होते. बाबासाहेबांनी काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांतला फरक सांगितला होता. घटना समितीत त्यांनी सनदशीर मार्ग असताना सत्याग्रह सोडावा असेही बजावले होते. मुद्दे पोकळ नव्हते. पण १९५९ साली पक्ष फुटला तो केवळ तत्त्वावर नाही. एका बाजूला कोटवाले वकील-पदवीधर, दुसऱ्या बाजूला धोतरातले दादासाहेब, आणि नावे पडली दुरुस्त व नादुरुस्त! मी स्वतः घरातला पहिला पदवीधर आहे, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. अडाणी माणसाला राजकारण काय कळणार, ही भाषा आपण कोणाकडून उचलली?

कारण ज्याला नादुरुस्त म्हटले त्यानेच त्या वर्षी मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर भागांत पडीक आणि गायरान जमिनींसाठी हजारो माणसे रस्त्यावर आणली. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून हा सत्याग्रह देशभर झाला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले असे सांगतात. मागण्यांची जुळणी पाहण्यासारखी आहे. कसायला जमीन, किमान वेतन, धान्याचे भाव, हे कोणत्याही जातीच्या गरिबाचे प्रश्न. त्यांच्या जोडीला बौद्धांना सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र. आपले मागणे न लपवता दुसऱ्याचे मागणे त्याच कागदावर लिहायचे, ही दादासाहेबांची रीत होती. अडचण गावात येई. शहरातल्या सभेत शेजारी बसणाऱ्या मित्रपक्षाचा गावातला बागाईतदार, गायरान आपल्या माणसाला मिळते म्हटल्यावर, मित्र राहत नसे.

मग १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. इथे मात्र माझे मन त्यांच्याबरोबर जात नाही. समितीत आपण एका मागणीसाठी गेलो होतो, काँग्रेसकडे काही जागांसाठी गेलो. समिती सोडल्यावर आपला पक्ष आपल्याजवळ उरला; सत्ताधाऱ्यांच्या सोबतीत तोच वाटला गेला. पुढारी एकेकटे ओढले जाऊ लागले. १९७२ साली तरुणांनी दलित पँथर काढली ती या चिडीतूनच. तोवर दादासाहेब नव्हते. २९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

१९९० च्या एप्रिलमध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले आणि त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींचा कायदा झाला. तेव्हा दिल्लीत एकट्या पक्षाचे सरकार नव्हते. एकमेकांशी न पटणाऱ्या पक्षांच्या पाठिंब्यावर ते उभे होते. चौसष्टच्या कागदावरच्या या दोन मागण्यांना सव्वीस वर्षे लागली. जमिनीची मागणी त्याच कागदावर होती.