शिक्षक व्हॅन डर वाल्स

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स हे नाव एका समीकरणापुरते भेटते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. त्या समीकरणाचा कर्ता अनेक वर्षे शाळेत शिकवणारा शिक्षक होता, हे पाठ्यपुस्तकात सहसा नसते.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी हॉलंडमधील लायडन येथे झाला. वडील सुतार, दहा भावंडांत योहानेस थोरले. नामांकित विद्यापीठ गावातच होते, पण तेथील परीक्षांसाठी लॅटिन व ग्रीक सक्तीच्या होत्या आणि त्या शिकवणाऱ्या शाळा सुखवस्तू घरांतील मुलांच्या. पंधराव्या वर्षाच्या सुमारास योहानेस प्राथमिक शाळेत उमेदवार शिक्षक झाले. एकेक परीक्षा देत त्यांनी मुख्याध्यापकपदाची पात्रता मिळवली. १८६२ पासून ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून विद्यापीठातील व्याख्यानांना बसू लागले. ऐकण्याची मुभा होती, पदवीची नव्हती.

पुढे डच सरकारने विज्ञानाला महत्त्व देणाऱ्या माध्यमिक शाळा काढल्या. १८६५ साली डेव्हेंटर येथे व पुढच्याच वर्षी हेग येथे ते अशा शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. हेगहून लायडन जवळ. कालांतराने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अभिजात भाषांतून सूट मिळू लागली, तेव्हा त्यांनी अडलेल्या परीक्षा दिल्या आणि जून १८७३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. तो त्यांच्या मातृभाषेत, डचमध्ये होता.

बेलफास्टचे थॉमस अँड्रूज यांनी १८६९ मध्ये दाखवले होते, की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. असे का, याचे उत्तर या प्रबंधाने दिले. जुना नियम रेणूंना आकार नाही आणि परस्परांची ओढही नाही, असे धरून चाले. व्हॅन डर वाल्स यांनी दोनच दुरुस्त्या केल्या : रेणू जागा व्यापतात आणि ते एकमेकांना आकर्षून घेतात. तेवढ्याने वायू, द्रव आणि त्यांच्यातील भेद जेथे मावळतो तो क्रांतिक बिंदू, तिन्ही एकाच समीकरणात आले. रेणू खरोखर असतात का, याविषयीच अनेक शास्त्रज्ञ साशंक असण्याचा तो काळ. हे धाडस लहान नव्हते.

केंब्रिजच्या मॅक्सवेल यांनी पुढच्याच वर्षी प्रबंधाचे परीक्षण लिहिले, उणिवा दाखवल्या आणि तरीही मुक्तकंठाने गौरव केला. १८७७ साली ॲमस्टरडॅमच्या नव्या विद्यापीठात व्हॅन डर वाल्स भौतिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांनी मांडलेल्या अनुरूप अवस्थांच्या नियमामुळे एका वायूवरील मोजमापांवरून दुसऱ्याचे वर्तन वर्तवता येऊ लागले. पण १८८१ मध्ये पत्नी ॲना क्षयाने गेल्या. चार मुले मागे राहिली. त्या आघाताने जवळपास दहा वर्षे त्यांचे लेखन थांबले. १८९० मध्ये मिश्रणांच्या सिद्धांताने ते पुन्हा सुरू झाले.

त्यांच्या नियमाचा आधार घेत कामरलिंग ओन्नेस यांनी १८०८ नव्हे, तर शतकानंतर, १० जुलै १९०८ रोजी हेलियमचा द्रव केला, आणि तोही लायडनमध्येच. १९१० चे नोबेल पारितोषिक व्हॅन डर वाल्स यांना मिळाले. ८ मार्च १९२३ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले.

क्रांतिक बिंदूच्या अगदी निकट मात्र त्यांचे समीकरण मोजमापांशी जुळत नाही. ते रेणूंच्या ओढीची सरासरी धरते. तेथे तर लहानमोठ्या सर्व अंतरांवर घनता सतत हेलकावत असते. या तफावतीचा उलगडा करणे हे विसाव्या शतकातील सांख्यिकीय भौतिकीचे मोठे काम ठरले आणि त्यासाठी केनेथ विल्सन यांना १९८२ चे नोबेल मिळाले.