मतपरीक्षेचे परीक्षक : नीलकंठशास्त्री गोरे

जॉन म्यूर यांचा ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने ख्रिस्ती मताचे मंडन करणाऱ्या या ग्रंथाने खऱ्या धर्मशास्त्राची काही लक्षणे सांगितली होती : संस्थापकाचे अद्भुत सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता आणि त्याची सर्वसामान्यता. या लक्षणांवर वेद-पुराणे उतरत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे पंडितांना त्याची उपेक्षा करता आली नाही. सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने, तर बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांनी स्वतःच्या नावाने त्याला उत्तरे दिली. तिसरे आणि सर्वांत विस्तृत उत्तर काशीतील एका कोकणस्थ ब्राह्मण तरुणाने १८४४-४५ मध्ये लिहिले. ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’; ग्रंथकार नीलकंठ गोरे.

नीलकंठांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात झाशीजवळ झाला. काशीत न्याय-व्याकरणाचे अध्ययन झाले. घराण्याची परंपरा शैव असताना त्यांचा ओढा विष्णुभक्तीकडे वळला, यावरूनही रूढ मत तसेच्या तसे स्वीकारण्याची त्यांची प्रकृती नव्हती हे दिसते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांनी प्रथम म्यूरांची कसोटीच अमान्य केली. शास्त्राचा निर्णय केवळ तर्काने होत नाही. श्रद्धा आधी, तर्क तिचा अनुचर, ही त्यांची भूमिका. मात्र तर्कच चालवायचा तर तो दोन्हीकडे चालवावा, असे म्हणून ते ख्रिस्ती सिद्धांताकडे वळतात. पूर्वजन्म नाही, तर तान्ह्या मुलाला आणि मुक्या पशूला दुःख कशाचे? अल्पायुषी मनुष्याच्या मर्यादित पापाला अनंत नरक हा न्याय कसा? या दोन आक्षेपांत ग्रंथाचे खरे बळ आहे. बाकीचे बरेचसे प्रतिपादन पंडिती वादपद्धतीला धरून आहे.

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी नीलकंठांचा वाद चालला तो याच आत्मविश्वासाने. परंतु खंडनासाठी हाती घेतलेला नवा करार त्यांनी पूर्वपक्षाच्या प्रामाणिक अभ्यासकाप्रमाणे वाचला, आणि पूर्वपक्षच त्यांना पटू लागला. घरच्यांचा तीव्र विरोध असल्यामुळे १४ मार्च १८४८ रोजी काशीबाहेर, जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. १८५३ मध्ये, कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर थोड्याच अवधीत त्या वारल्या. एलन परक्या घरी वाढली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली.

१८५४ मध्ये महाराजा दलीपसिंग यांच्यासोबत नीलकंठ इंग्लंडला गेले. तेथील ख्रिस्ती समाजाच्या आचरणाने त्यांचा कसा विरस झाला, हे माक्स म्युलर यांनी नमूद केले आहे. परतल्यावर १८६० मध्ये ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. तर्काला अनुचर म्हणणारा लेखक येथे तर्कालाच पुढे करतो. अद्वैताच्या सत्तात्रयावर, विशेषतः अविद्या सत्य की असत्य या प्रश्नावर, त्याने केलेला हल्ला परक्याचा नाही. पंक्ती लावून शिकलेल्या शास्त्र्याचा आहे. हिंदी गद्य घडत असताना त्यात नैयायिक काटेकोरपणाने दर्शनचर्चा झाली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाने अधिक मनावर घ्यायला हवी होती.

१८७०च्या दशकात ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींशी त्यांचे वाद झाले. दयाळू, पवित्र ईश्वराची तुमची कल्पना निव्वळ बुद्धीने सापडलेली नसून ख्रिस्ती शिकवणीतून आलेली आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, त्यामागे नीलकंठांच्या लेखनाचाही प्रभाव होता.

इतरांचे समाधान करणाऱ्या या माणसाचे स्वतःचे समाधान मात्र सहज होत नसे. ऐन तारुण्यात म्यूरांपुढे ठेवलेला अनंत शिक्षेचा आक्षेप आता त्यांच्याच दारात उभा होता. त्या सिद्धांताच्या समर्थनार्थ त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली, तरी शंकेने त्यांना सोडले नाही. १८७० मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पुरोहित झाले होते. पुढे काउली येथील संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये उज्जैनच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने स. ल. कात्रे यांनी संपादित केलेला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ प्रकाशित केला. पुढे ज्याचे उत्तर देण्यात ग्रंथकाराचे आयुष्य गेले, तो आक्षेप त्यात एकोणीस-वीस वर्षांच्या शास्त्र्याच्या निःशंक संस्कृतात वाचायला मिळतो.