फादर आंतोनियो विएरा आणि माशांस केलेला उपदेश

संत आंतोनीची कथा ठाऊक नाहीं असा धर्मबंधु आपल्या वसई-गोमंतकाकडे विरळाच. रिमिनी नगरांतील लोक उपदेश ऐकेनात, तेव्हां संत समुद्रकिनारीं गेले व त्यांनीं माशांस हांक मारली. मासे पाण्याबाहेर डोकीं काढून ऐकत राहिले, अशी ती कथा. लहानपणीं आपण ती नवल म्हणून ऐकतों. परंतु ह्याच कथेच्या आधारें एका धर्मगुरूनें गुलामांचें दुःख त्यांच्या धन्यांच्या तोंडावर मांडलें, हें थोड्यांसच माहीत असेल. ते धर्मगुरु म्हणजे येशूसंघाचे फादर आंतोनियो विएरा.

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १६०८ रोजीं लिस्बन येथें झाला. सहाव्या वर्षीं ते ब्राझीलमधील बाहिया नगरीं आले व १६२३ सालीं येशूसंघांत दाखल झाले. त्यांच्या वाणीची कीर्ति पुढें लिस्बनपर्यंत पोंचली. राजा चौथा जॉन ह्यानें त्यांस दरबारचे उपदेशक नेमलें आणि वकिलातीच्या कामगिरीवर परदेशींहि धाडलें. तो मानमरातब मागें टाकून १६५३ सालीं ते उत्तर ब्राझीलमधील मारान्यांव प्रांतीं मिशनकार्यास गेले.

तेथील पोर्तुगीज वसाहतवाल्यांचा सारा संसार रानांतून धरून आणलेल्या मूळच्या रहिवाशांच्या श्रमांवर चालला होता. कायद्यानें सरसकट गुलामगिरीस परवानगी नव्हती. पण नरभक्षकांच्या हातून सोडविलेल्या बंद्यास गुलाम करण्याची मुभा होती. मग काय, पकडलेला प्रत्येक जण सोडविलेलाच ठरूं लागला! १६५३ च्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारीं फादरांनीं उघड शब्दांत सांगितलें कीं, सैतानानें प्रभूला एका आत्म्यासाठीं जगांतील सारीं राज्यें देऊं केलीं. येथें मात्र गवती झोंपडी आणि दोन गुलाम दाखविले कीं सौदा पटतो. श्रोत्यांचे झगे पिळले तर रक्त गळेल, असेंहि ते बोलले. लोक हेलावले, समेटहि ठरला. परंतु पिकांचे दिवस आले तसा तो विरून गेला.

म्हणून दुसऱ्या वर्षीं, १३ जून १६५४ रोजीं, संत आंतोनीच्या सणास सांव लुईस नगरांत त्यांनीं निराळा मार्ग धरिला. माणसें ऐकत नाहींत, तर संताप्रमाणें आपणहि माशांशींच बोलूं, असें म्हणून त्यांनीं समोरच्या मंडळीकडे जणूं पाठ फिरविली. आरंभ शुभवर्तमानांतील मिठापासून: मीठ असून भूमि नासते, तर एक मीठ खारवीत नाहीं किंवा भूमि खारवून घेत नाहीं. नंतर माशांची स्तुति. मासे ऐकतात आणि बोलत नाहींत, हा त्यांचा पहिला गुण! तोबियाच्या माशाच्या पित्तानें आंधळ्यास दृष्टि आली. सुकाणूस चिकटून जहाज अडविणारा एवढासा मासा म्हणजे संताची जीभ. श्रोते हंसले असतील, निर्धास्त झाले असतील.

आणि मग दोष. मासे एकमेकांस खातात, तेंहि मोठे लहानांस. लहानांनीं मोठ्यांस खाल्लें असतें तर एक मोठा पुष्कळांस पुरता. पण मोठे लहानांस खातात, म्हणून हजारों लहान एका मोठ्यासहि पुरत नाहींत. आपल्याकडे ह्यालाच मात्स्यन्याय म्हणतात. फादर तेथेंच थांबले नाहींत. मेलेल्याला वारस खातात, सावकार खातात, वैद्य खातो, थडगें खणणाराहि खातो. आरोपीला तर निकालाआधींच तुरुंगाधिकारी, कारकून, वकील आणि न्यायाधीश मिळून फस्त करितात. शेवटीं अष्टपादाची पाळी आली. त्याचें डोकें संन्याशाच्या टोपीसारखें, मुद्रा सौम्य, आणि विश्वासघात सर्वांत मोठा. टोपी घालणारांत स्वतः फादरांचे सहकारीहि होतेच! धन्यांस एकहि शिवी न देतां त्यांनीं त्यांस आरशासमोर उभें केलें, आणि मत्स्यवर्ग कृपेस पात्र नाहीं म्हणून नेहमींचा कृपेचा समारोपहि टाळला.

तीन दिवसांनीं ते गुपचूप जहाजावर चढून लिस्बनला गेले. १६५५ सालीं राजदरबारच्या देवळांत त्यांनीं देववचनास फळ कां येत नाहीं ह्याची चिकित्सा केली व दोष अलंकारलोलुप उपदेशकांच्या माथीं मारिला. (स्वतः त्यांची वाणीहि कांहीं कमी अलंकृत नव्हती.) त्याच वर्षीं रहिवाशांना संरक्षण देणारा कायदा घेऊन ते परतले. सहा वर्षें तो कसाबसा टिकला. १६६१ सालीं वसाहतवाल्यांनीं बंड करून फादरांस इतर येशूसंघीयांसह हांकलून दिलें. पुढें भविष्यविषयक लेखनामुळें इन्क्विझिशननें त्यांस १६६५ पासून दोन वर्षांवर कैदेंत ठेविलें. रोममध्यें मात्र पोपमहाशयांनीं त्यांस संरक्षण दिलें.

येथें एक गोष्ट लपवितां येत नाहीं. १६३३ सालीं, धर्मगुरु होण्यापूर्वींच, त्यांनीं बाहियाजवळील साखरेच्या घाण्यावर आफ्रिकन गुलामांपुढें उपदेश केला. त्यांच्या यातना प्रभूच्या क्रूसयातनांसारख्या आहेत असें सांगतांना त्यांची करुणा खरी होती. पण त्यांनीं दिली ती सहनशीलतेची शिकवण, मुक्ततेची नव्हे. इतकेंच नव्हे, रानांतल्या रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेंतून गुलाम आणण्यास त्यांचा पाठिंबा होता. त्यांची स्वतःची आजी आफ्रिकन वंशाची होती. एवढ्या धारदार बुद्धीस ही विसंगति कशी खुपली नाहीं, हें कोडेंच आहे.

१६८१ सालीं ते कायमचे बाहियास परतले. डोळे मंदावले, हात चालेना, तरी आपले उपदेश छापण्याजोगे करण्याचें काम ते दुसऱ्याकडून लिहवून घेऊन चालवीतच होते. जुलै १६९७ मध्यें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचें देहावसान झालें.