नाव नसलेल्या लेकराची आई

‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटले की डोळ्यांपुढे टाके घातलेल्या कपाळाचा राक्षस येतो. वास्तविक ते नाव राक्षसाचे नव्हे, त्याला घडवणाऱ्या तरुणाचे. राक्षसाचे बारसे लेखिकेने केलेच नाही. ती लेखिका मेरी शेली.

मेरीचा जन्म लंडनमध्ये ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला. स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारी तिची आई, मेरी वोलस्टोनक्राफ्ट, अकरा दिवसांनी बाळंतरोगाने गेली. सोळा वर्षांची असताना मेरीने विवाहित कवी शेलीबरोबर घर सोडले आणि वडिलांनी तिला दार बंद केले. १८१५ मध्ये तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. ती नाव ठेवण्याआधीच दगावली. शेकोटीपाशी चोळल्यावर ते बाळ पुन्हा जिवंत झाल्याचे स्वप्न मेरीने रोजनिशीत नोंदवले आहे.

१८१६ चा उन्हाळा तिने जिनिव्हाच्या सरोवराकाठी काढला. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळाच हिरावला. पावसाने कोंडलेल्या मंडळींना कवी बायरनने भुताच्या गोष्टी लिहायला सांगितले. मेरीची गोष्ट १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाविना छापली गेली. त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली.

जोतिबाच्या डोंगरावर राहणारी, इंग्रजी घेऊन बी. ए. करणारी एक मुलगी या कादंबरीतले दोन उतारे घेऊन माझ्याकडे आली होती. पहिल्यात नोव्हेंबरच्या रात्री तो जीव डोळे उघडतो, पुढे निर्मात्याच्या बिछान्याशी येतो, काहीतरी पुटपुटतो, हसतो, हात पुढे करतो. निर्माता पळून जातो. मुलीने पेन्सिलीने रेघ ओढली होती ती त्या हाताखाली. निर्मात्याला तो हात धरायला आल्यासारखा वाटतो. तिला त्यात आईकडे झेपावणारे तान्हे मूल दिसले. दुसऱ्या उताऱ्यात तोच जीव आपली कहाणी सांगतो: भूक, थंडी, चांदणे आणि भिंतीच्या फटीतून एका गरीब कुटुंबाचे बोलणे ऐकत शिकलेली भाषा.

रत्नासुर, रक्तभोज यांच्या संहाराच्या कथा ऐकत ती वाढलेली. त्या कथांत असुराला कैफियत मांडता येत नाही. इथे येते, याचे तिला नवल वाटले. मात्र पुढे हाच जीव एका निष्पाप मुलाचा गळा घोटतो. मेरी तो गुन्हा झाकत नाही, आणि निर्मात्यालाही सोडत नाही. माझे आयुष्य बँकेत गेले. सही करून हप्ते थकताच परागंदा होणारे जामीनदार मी पाहिले आहेत. हा शास्त्रज्ञ मला त्यांच्यातलाच वाटतो.

मेरीची पुढची दोन मुले इटलीत दगावली. १८२२ मध्ये शेली समुद्रात बुडाला. चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या मेरीने उरलेल्या एकुलत्या मुलाला लेखणीच्या कमाईवर वाढवले, शिकवले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी ती वारली, तेव्हा तो मुलगा तिच्याजवळ होता.